घमेल्याची सलामी

अहो, परवापर्यंत मी तुमच्यासाठी रडत होते. परवापासून तुमच्यावर चिडले आहे, आणि खरं सांगू का, रडण्यापेक्षा हे बरं वाटतंय. निदान दोन घास पोटात जातात.

परवा तुमचं तेरावं झालं. माणसं किती आली म्हणून सांगू! वडूजच्या बाजारपेठेतले सगळे, माझ्या माहेरचे तासगावकडचे, शिवाय तुम्ही ज्यांची घरं बांधलीत ती जोडपी. जो तो उठून बोलत होता. बांधकामाच्या धंद्यात असून शब्दाचा पक्का माणूस. बायकापोरांना जीव लावणारा. गावाची पाण्याची टाकी म्हणा, व्यायामशाळा म्हणा, स्वतःची मजुरी न घेता उभी करणारा. यात्रेच्या नाटकात हौसेनं तोंडाला रंग लावणारा. सगळ्यांत शेवटी मंडळाचे अध्यक्ष उठले. म्हणाले, "आन् गेला बी कसा, तर कामावर, खुर्चीत बसल्या बसल्या. असं मरान नशीबवानालाच येतं." स्टँडवर तुमचा फ्लेक्स लागलाय, त्याच्यावरही हेच छापलंय. मी पदर तोंडाला लावून मान हलवत होते. मला तेवढाच आधार होता हो. जाताना तरी मला दिलेला शब्द पाळून गेलात, असं मी रोज स्वतःला समजावत होते.

पंगती उठल्या, मंडपवाला सतरंज्या गुंडाळायला लागला, तेव्हा महादू मिस्त्री पायरीवर येऊन बसला. तुमच्याबरोबर उभा जन्म काढलेला माणूस, पण पंगतीला बसला नव्हता. मी ताट वाढून आणलं, तर ते बाजूला सारून हमसून हमसून रडायला लागला.

"वैनी, पोटात मावंना झालंय. मालक खुर्चीत न्हाई गेलं."

"मग?"

"वर. स्लॅबच्या सळया बांधत हुतो आमी. मालक कोपऱ्यात बसून तारा पिळत हुतं. यकदम म्हणालं, महाद्या, छातीत भरून आलंय रं. पाणी दिलं, तर घोटभर घेतलं आन् म्हणालं, मला आदी खाली घ्या. बाई डबा घिऊन येईल."

पुढचं मीच खोदून खोदून विचारलं. चौघांनी मिळून तुम्हाला खाली आणलं. जमिनीला टेकवेपर्यंत सगळं संपलेलं होतं. मग त्यांनी तुम्हाला लिंबाखालच्या खुर्चीत बसवलं, पायांत चपला सरकवल्या आणि मांडीवर पेपर ठेवला. "त्येंचीच विच्छा हुती न्हवं," महादू म्हणाला.

तो पेपर मी घडी घालून कपाटात ठेवलाय. तुम्ही शेवटचा वाचलेला म्हणून. महादू गेल्यावर काढून बघितला. कधीचा शिळा, डाळीचं पाणी सांडून वाळलेला पेपर होता तो. मी त्याला रोज हात लावून नमस्कार करत होते.

शेवटचा शब्द माझ्या नावाचा होता, हे ऐकून दुसऱ्या एखादीला भरून आलं असतं. गावच्या शाळेत उभी नोकरी झाली माझी, सगळे मला बाई म्हणतात, तुम्हीही थट्टेनं तेच म्हणायला लागलात आणि पुढं ते कायमचं झालं. पण मला भरून आलं नाही. छातीत कळ आलेली असताना तुम्हाला देव आठवला नाही, डॉक्टर आठवला नाही. आठवलं काय, तर मी यायच्या आत खाली उतरायचं. म्हणजे प्राण जातानासुद्धा तुम्ही मला फसवण्याच्या तयारीत होता.

मिरजेची आठवण करून देऊ? बायपास होऊन तुम्ही कॉटवर पडला होता. डॉक्टर म्हणाले, काका, कामावर जा, माणसांना सूचना द्या, पण शिडी आणि बांबूची परांची आता कायमची बंद. तुम्ही शहाण्या मुलासारखी मान हलवलीत. ते गेल्यावर मी म्हटलं, तुमच्या मान हलवण्यावर माझा विश्वास नाही, मला शब्द हवा. तेव्हा सुई टोचलेला हात तसाच उचलून तुम्ही माझ्या गळ्याला दोन बोटं लावलीत. "तुझ्या गळ्याशपथ. परत परांचीवर पाय ठिवणार न्हाई." शेजारच्या पेशंटची बायको म्हणाली, आता काय काळजी न्हाई बघा तुमाला. मला खरंच काळजी वाटली नाही. त्या दिवशी किती दिवसांनी मी पोटभर जेवले होते.

गळ्याची शपथ मोडली की ज्याचा गळा त्याचं वाईट होतं म्हणतात. म्हणजे मोडायचीच होती तर मरायला मी हवी होते. तुम्ही त्यातही घोळ घातलात. केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार मी किती वर्षं फळ्यावर लिहून पोरांकडून वाक्यात उपयोग करून घेतला असेल! कुणी विश्वासात घेऊन दगा दिला की असं म्हणतात, असा अर्थ सांगायची मी. आता मला उदाहरण शोधायला बाहेर जायला नको.

शाळेच्या सभागृहाचं काम निघालं तेव्हा तुम्ही म्हणालात, "माल गावाचा, मजुरी माझी." स्नेहसंमेलनाला पोरं उन्हात बसतात याची तुम्हालाही चीड होती. मी हो म्हटलं ते खुर्चीच्या अटीवर. वडूजच्या बाजारातून हातांची लाल प्लास्टिकची खुर्ची मी स्वतः निवडून आणली आणि लिंबाच्या सावलीत मांडली. रोज दुपारी छत्री उघडून मी डबा घेऊन यायची. आणि मी पिंपळाच्या वळणावर आले रे आले की वरून आवाज यायचा, ठण ठण ठण. लोखंडी घमेल्यावर कुणीतरी थापी हाणत असायचं.

मी तुम्हाला विचारलं होतं हे काय म्हणून. तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "सलामी हाय ती. बाई आली म्हणून पोरं घंटा वाजवत्यात."

आणि मी विश्वास ठेवला! निवृत्त झाल्यापासून कुणी माझ्यासाठी घंटा वाजवली नव्हती हो. मला इतकं बरं वाटायचं की वळणावर आल्यावर मी पदर सारखा करायची आणि मुद्दाम जरा दमानं चालायची. माझ्या त्या ऐटीमुळे तुम्हाला उतरायला चांगला वेळ मिळत असणार. दिवाळीत त्या गड्यांना मी चिवड्याच्या वेगळ्या पिशव्या दिल्या, सलामी देतात म्हणून.

"सलामी कसली वैनी," महादू परवा म्हणाला. "इशारा हुता त्यो."

"आणि वाजवत कोण होतं?"

त्यानं ताट आणखी लांब सारलं. मग म्हणाला, "मालकच. आमी खाली मान घालून कामात. त्येंचं ध्यान सारकं वाटंवर. तुमची छत्री दिसली की घमेल्यावर थापी हाणायचं, म्हंजे खालच्यानं शिडी धरायची. आन् सरासरा उतरायचं बघा, लय मजा वाटायची त्येस्नी."

सरासरा! छातीला टाके पडलेला माणूस, आणि मी आले म्हणून घाईनं शिडी उतरायचा. तुम्हाला त्यात मजा वाटत होती. एखाद्या दिवशी पाय सटकला असता तर त्याला निमित्त माझ्या हातातला डबा झाला असता. याचा विचार तुमच्या मनात एकदाही आला नाही का?

मला संशय आला नव्हता असंही नाही. एकदा तुमच्या केसांत सिमेंट होतं. "वरनं उडतंय," तुम्ही म्हणालात. खुर्चीत बसलेला माणूस घामानं भिजलेला कसा, तर लिंबाखाली वारा नाही. पायांत चपला उलट्यासुलट्या, तर म्हणे डुलकी लागली होती. मी म्हटलं, असेल. कारण तुम्हाला अभिनय येत नाही यावर माझा ठाम विश्वास होता. यात्रेच्या नाटकात दरसाल तुम्ही काम करायचात आणि दरसाल वाक्यं विसरायचात. एकदा तर मेल्याचं सोंग घेऊन पडला होता आणि डास चावला म्हणून सगळ्या गावासमोर मांडी खाजवलीत. सांगलीकडची माणसं आम्ही, नाटक बघत वाढलेली. मी तुम्हाला किती चिडवलं असेल! तुम्ही हसायचात आणि पुढल्या वर्षी पुन्हा नाव द्यायचात. तोच माणूस रोज दुपारी माझ्यासमोर शिळा पेपर धरून बसायचा आणि त्याचं एकही वाक्य चुकलं नाही.

सगळ्या गावाला हे माहीत होतं. दुकानदाराला माहीत होतं, शाळेच्या शिपायाला माहीत होतं. मधल्या सुट्टीतली पोरं माझ्याकडे बघून तोंडावर हात धरायची, ती का, ते आता कळलं. मला वाटायचं, जुन्या बाई दिसल्या म्हणून लाजतात.

आणि सुहासला माहीत होतं. हे मात्र मला सहन होत नाही. पोटचा पोरगा. शिरवळच्या कंपनीतून सुट्टीला आला की तुमच्याबरोबर कामावर जायचा. परवा मी त्याला देवघरासमोर उभं करून विचारलं, तर तो भिंतीकडे बघून म्हणाला, "व्हय आई. मी बघितलं हुतं. अण्णांनी सांगू नको म्हटलं."

"आणि तू गप्प बसलास?"

"आई, ऑपरेशननंतर घरात बसलेले तेव्हा कसे झालेले, आठव की जरा. जेवण सुटलं हुतं. कुणाशी बोलत नव्हते. त्या लाल खुर्चीत नुसतं बसून ते कवाच गेले असते. वर चढायला लागले आन् माणसात आले. मला त्यांचं ते बंद करवंना."

आठवतंय मला. तुम्ही दिवसभर छताकडे बघत पडायचात. टीव्ही लावला तर बंद कर म्हणायचात. मग शाळेचं काम सुरू झालं आणि तुम्हाला भूक लागायला लागली, चेहरा उजळला, आंघोळ करताना नाटकातली पदं म्हणायला लागलात. मी सगळ्यांना सांगत सुटले होते की हा माझ्या नाचणीच्या भाकरीचा गुण. शेजारच्या तिघीचौघींना मी नाचणी खायला लावली. तुम्ही समोर बसून भाकरी मोडत ऐकत होता आणि "गुण हाय बरं का भाकरीला" म्हणत होता. हसत होता ना मनात?

तुमच्यावर नुसतं चिडता आलं असतं तर सोपं होतं. पण चिडले की लगेच दुसरंच काहीतरी आठवतं. तुम्ही कुणाच्याही घराचा ओटा त्या घरच्या बाईला विचारल्याशिवाय बांधला नाहीत. तिला लाटणं घेऊन रिकाम्या भिंतीपुढे उभी करायचात आणि म्हणायचात, लाटून दावा वैनी. मग तिच्या कोपराच्या हिशोबानं विटेवर खूण करायचात. नवरा मध्ये बोलायला लागला तर त्याला म्हणायचात, तुमी बाहेर बसा, तुमाला कुठं भाकऱ्या थापायच्यात. तासगावला माझ्या आईसाठी ओटा बांधलात तेव्हा ती म्हणाली होती, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारून काही केलं. मी तेव्हा इतकी मिरवले होते. तालुक्यातल्या बायकांना विचारून विचारून विटा लावणारा माणूस माझा नवरा आहे म्हणून. घरच्या बाईला मात्र एवढी एक गोष्ट विचारायची तुमची छाती झाली नाही. कापलेली असो की धडधाकट असो, झाली नसती.

आज स्लॅब होता. सुहासनं मला तसं सरळ सांगितलं नाही. सळया गंजतील, काम थांबवून चालणार नाही, असं दाराच्या कडीशी बोलल्यासारखं बोलून तो निघून गेला. नारळ तुम्हीच फोडायचात प्रत्येक स्लॅबला. आता कुणी फोडायचा, हे मला विचारायची कुणाची हिंमत नव्हती. ते सगळे गेल्यावर मी छत्री न घेता निघाले आणि पिंपळाकडून न जाता ओढ्याच्या अंगानं शाळेच्या मागून गेले. मी नसताना तिथं काय असतं ते मला एकदा बघायचं होतं.

मिक्सर चालवून बघत होते. महादू वर होता. शिडीच्या मध्यावर सुहास होता, अनवाणी, मुंडण केलेला, पाठमोरा. लग्न झालं तेव्हा तुमची पाठ अशीच होती. कुणीतरी मला बघितलं आणि मिक्सर बंद झाला. सुहासनं वळून बघितलं. तो उतरून माझ्यासमोर आला, अगदी तुमच्यासारखाच हात उचलला.

"आई, एकदाच. परत न्हाई चढणार. तुझ्या गळ्या..."

मी त्याचं मनगट वाटेतच धरलं. "माझ्या गळ्याला आता कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "चढायचं तर चढ. मी इथं उभी आहे. माझ्यादेखत चढ."

तो रडायला लागला. मीही रडले. सगळ्यांसमोर रडले, मला लाज वाटली नाही. मग अध्यक्ष आले पुढं. सभागृहाला तुमचं नाव द्यायचा ठराव झालाय, पाटीवर काय लिहायचं ते विचारायला लागले. मी म्हटलं, नाव लिहा, पण ते खुर्चीचं काढा. स्टँडवरचा फ्लेक्सही उतरवा. हा माणूस वर सळया बांधताना गेला, तसंच लिहा.

"बाई, आता कशाला त्ये?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना ठाऊकच आहे," मी म्हटलं. "मला तेवढं नव्हतं."

नारळ मी फोडला. तुमच्यासाठी नाही, त्या पोरांच्या डोक्यावर सावली होणार म्हणून फोडला. काम सुरू झालं. सुहास वर गेला. मी खाली उभी राहिले आणि बघत राहिले. जीव मुठीत धरूनच बघितलं, पण बघितलं. बघता येतं हो. तुम्हाला वाटत होतं तेवढं काही ते अशक्य नाही.

दुपारी मधली सुट्टी झाली. दोन मुली भिंतीच्या कडेला भांडण करून बसल्या होत्या. एकीनं दुसरीशी आयुष्यात बोलणार नाही म्हणून आईशप्पथ घेतलेली दिसत होती, आणि आता तिलाच राहवत नव्हतं. ती दुसरीच्या दंडाला बोट टोचत होती. "सुटली म्हण की गं. ए, सुटली म्हण की." दुसरीनं फुगून बराच भाव खाल्ला, तोंड फिरवलं, हात झटकला, आणि मग म्हणाली, "बरं, सुटली." दोघी पळाल्या. शपथ कशी सोडवून घ्यायची, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. समोरच्यानं सुटली म्हटलं की झालं. कुणाचा गळा जात नाही, कुणाला पाप लागत नाही. मी वर्गात हे रोज ऐकलंय. तुम्ही याच गावात लहानाचे मोठे झालात, तुम्ही तर कितीदा म्हटलं असेल.

मला एकदाही म्हणाला नाहीत. जेवताना नाही, शेजारी बसून टीव्ही बघताना नाही, थट्टेनंसुद्धा नाही. बाई, जीव गुदमरतोय गं खाली, सुटली म्हण की, एवढंच. मी आधी भांडले असते. ताट आपटलं असतं. निघाले मी तासगावला म्हणून पिशवी भरली असती आणि वडूजच्या स्टँडवरून परत आले असते. तुमच्याशी अबोला धरला असता आणि डबा मात्र पाठवला असता. आणि मग? मग मी सुटली म्हटलं असतं का? दुपारपासून मी स्वतःला तेच विचारते आहे. जेवून सुहास परत वर चढला तेव्हा वाटलं, म्हटलं असतं. घरी येऊन तुमचा शर्ट खुंटीवर बघितला, तर वाटलं, मेले तरी म्हटलं नसतं. तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून माझं उत्तर काय होतं, हे आता मलासुद्धा कधी कळणार नाही.